दोरी कुणी ओढली

१

शनिवारी सकाळी बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच तिच्यात पाणी भरायला लागलं होतं, आणि याचं आश्चर्य फक्त कप्तानला वाटलं.

कप्तान म्हणजे लिफ्टवाल्याच्या बायकोचा भाऊ. दोन महिन्यांपूर्वी त्याने ही मोटरबोट तिच्या तिसऱ्या मालकाकडून घेतली आणि त्याच दिवशी एक पांढरी टोपीही घेतली. टोपीवरून नाव पडलं. बोट तीन माणसांनी वापरून टाकलेली होती, टोपी मात्र कोरी होती, आणि कप्तानचा जीव जास्त करून टोपीत होता.

"अरे, बूच!" तो कपाळाला हात लावत म्हणाला. "तळाचं बूच मी काल धुवायला काढलं होतं."

बूच त्याच्याच खिशात सापडलं. तोवर पाणी घोट्याला लागलं होतं. सासरे दोन्ही पाय वर घेऊन बाकावर मांडी ठोकून बसले होते. ते म्हणाले, "जावईबापू, मला पोहता येत नाही हे यांना माहीत आहे. वारसाहक्काची एवढी घाई कशाला म्हणतो मी."

जावईबापू म्हणजे आपला लिफ्टवाला. बावीस वर्षं त्याने इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. सुट्टीतसुद्धा त्याच्या खिशात टेस्टर असायचा, पक्कड असायची आणि एक लाल चिंधी असायची. कारणाशिवाय काही बंद पडत नाही, असं तो उठताबसता म्हणायचा. बायकोच्या कानांना त्या वाक्याने घट्टे पडले होते. त्याने गुमान डबा घेतला आणि पाणी उपसलं. मग पेट्रोलच्या नळीचा फुगा गळत होता तो बांधला, आणि स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं त्याचा बोल्ट आवळला. बोल्टचे आटे गेलेले होते, त्यामुळे आवळल्याचं फक्त समाधान मिळालं.

कप्तान तोवर भाचीला बोट शिकवत होता. भाची आठ वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. नारिंगी लाइफ जॅकेटमध्ये ती गळ्यापर्यंत बुडाली होती.

"ही लाल दोरी बघ," कप्तान म्हणाला. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी, गुंडाळ्या-गुंडाळ्यांची दोरी होती. एका टोकाला मनगटात अडकवायचा पट्टा, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची क्लिप, आणि ती क्लिप स्टिअरिंगशेजारच्या तांबड्या बटणाखाली बसवलेली. "समजा, मी पाण्यात पडलो..."

"तू पडणारच, मामा."

"पडलो तर दोरी ओढली जाणार, क्लिप टक्कन निघणार आणि इंजिन जागच्या जागी बंद."

"आणि नाही झालं बंद तर?"

"तर बोट आपलीआपण वळते. गोल फिरते आणि फिरत फिरत पडलेल्या माणसाच्याच अंगावर येते. परत परत."

"काय सांगतोस रे पोरीला हे!" बायको ओरडली. भिंगरीला मात्र ते फार आवडलं. परत परत, परत परत, असं घोकत ती बोटीच्या पुढच्या टोकाला, नाकाडावर जाऊन आईजवळ बसली.

तलावाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. खोकलं नाही, अडखळलं नाही. टक् असा आवाज झाला आणि एकदम शांतता झाली, इतकी की बोटीच्या बाजूंवर चापट्या मारणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

क्लिप फळीवर पडलेली होती. कप्तान मनगटातला पट्टा दाखवत म्हणाला, "मी हललोसुद्धा नाही. शपथ."

"ढिली असेल," लिफ्टवाला म्हणाला. त्याने क्लिप उचलून पुन्हा बसवली. घट्ट बसली, अगदी नखाने जोर लावून काढावी लागेल इतकी. बटणाशेजारच्या पांढऱ्या पत्र्यावर एक ओला पंजा उमटलेला होता. लहान, बहुधा भिंगरीचा. नीट उमटला नव्हता, दोन बोटं आलीच नव्हती. तो बघत असतानाच उन्हाने पंजा कडांकडून वाळत आत गेला आणि नाहीसा झाला.

भिंगरी पुढे नाकाडावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती. सकाळपासून तिने पाण्याला हात लावला नव्हता.

पाणी उपसताना लागला असेल कुणाचातरी हात, असं तो मनात म्हणाला. कुणाचा, ते मात्र त्याने मनाला विचारलं नाही.

२

दुपारी बोटीतच ब्रेड आणि उकडलेली अंडी खाणं झालं. पोटं भरल्यावर कप्तानला वेग आठवला. बोट नाक वर करून धावायला लागली, टोपी त्याने दातात धरली, भिंगरी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून किंचाळत होती. सासऱ्यांना नेमका त्याच वेळी चहा हवा होता. ते थर्मास उघडायला उभे राहिले.

टक्.

बोट थांबली म्हणजे काय झालं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. पुढचं सगळं पुढे गेलं. सासरे हवेत पाऊलभर उचलले गेले आणि समोरच्या स्टीलच्या कठड्यावर तोंडावर आदळले. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आला. ते पडले नाहीत. कठडा धरून तसेच उभे राहिले, वळले, आणि काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. रक्त हनुवटीवरून शर्टात चाललं होतं. समोरचे दोन दात जागेवर नव्हते. त्यातला एक नंतर थर्मासच्या झाकणात सापडला.

बायको किंचाळत वडिलांकडे धावली. कप्तान टोपी टाकून त्यांना धरायला गेला. लिफ्टवाल्याची नजर आधी फळीवर गेली. क्लिप तिथे पडलेली होती. खुर्चीमागे, दोरीपासून हातभर अंतरावर, भिंगरी उभी होती. बोटीत दुसरं कुणीच इतकं जवळ नव्हतं.

त्याला कारण सापडलं होतं.

"तू ओढलीस!" तो म्हणाला आणि त्याने तिला मारलं. मारायचं असं ठरवून मारलं नाही, पण हात पूर्ण ताकदीने गेला. तारा ओढून ओढून दणकट झालेला हात होता तो. ती खुर्चीवर आपटली, खाली घसरली आणि तिच्या नाकातून रक्ताची बारीक धार लागली.

"मी नाही ओढली बाबा," ती म्हणाली. रडत नव्हती. रडणं सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. "खरंच नाही. मी अजून अंडं खात होते."

तिने दोन्ही हात पुढे केले. कोरडे होते. बोटांच्या टोकांना मीठ चिकटलेलं होतं, पिवळ्याचा चुरा होता.

आणि कप्तानच्या खुर्चीच्या पाठीवर, पांढऱ्या रेग्झिनवर, ओला पंजा होता. अंगठा आणि दोन बोटं. या वेळी पाणी ताजं होतं, त्याचे ओघळ खाली उतरत होते. बाकीच्या दोन बोटांच्या जागी नुसते गुलाबीसर ओघळ होते. तिच्या नाकाचं रक्त उडालं असेल, असं त्याने ठरवलं. पण ती खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला पडली होती.

तेव्हाच तो म्हणू शकला असता, माझं चुकलं. तोंडात आलंही होतं. पण ते म्हटलं असतं, तर मग दोरी कुणी ओढली हा प्रश्न उघडा पडला असता. त्याने तळहाताने तो पंजा पुसून टाकला.

"परत तिला हात लावून बघा," बायको हळू आवाजात म्हणाली. वडिलांच्या तोंडावर तिने स्वतःची ओढणी दाबून धरली होती. "लावून बघाच."

३

तलावाकाठी त्यांनी दोन खोल्यांचं एक घर दोन दिवसांसाठी घेतलं होतं. घर सांभाळणाऱ्या बाईने सासऱ्यांना आपल्या जीपने दवाखान्यात नेऊन आणलं. ओठाला सात टाके पडले. आता ते टॉवेलात बर्फ गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टोमणा मारता येत नव्हता.

आतल्या खोलीत भिंगरी झोपली होती. एक गाल सुजून डोळ्याखाली चढला होता, त्यावर चारही बोटं मोजता येत होती. बायको तिच्या उशाशी बसलेली. लिफ्टवाला दारात आला तेव्हा तिने मान वर केली नाही.

तो बाहेरच्या खोलीत बसून राहिला. चार वाजले होते, खिडकीतून ऊन पलंगापर्यंत आलं होतं. नळ गळत असावा. थेंब पडल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. त्याने न्हाणीघरात जाऊन नळ आवळला. आवाज चालूच राहिला. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाहिलं, तिथेही कोरडं.

दाराशेजारी खुंट्या होत्या आणि त्यावर पाच लाइफ जॅकेटं ओळीने लावलेली होती. चार मोठी, एक लहान. लहान जॅकेटातून पाणी गळत होतं. खाली फरशीवर ताटाएवढं थारोळं झालं होतं.

त्याने ते काढून मोरीत पिळलं. पाणी निघतच राहिलं. भिंगरी आज एकदाही पाण्यात उतरली नव्हती. दुपारी तिच्या अंगातून हे जॅकेट त्यानेच काढलं होतं, तेव्हा ते उन्हाने गरम लागलं होतं.

ओल्या टॉवेलावर ठेवलं असेल कुणी. बर्फाचं पाणी सांडलं असेल. कारणं एकामागून एक हजर होत होती, आणि त्यातलं एकही उभं राहत नव्हतं. त्याने जॅकेट परत खुंटीला लावलं. वळला तेव्हा त्याला फरशीवर पावलं दिसली. थारोळ्यापासून निघालेली लहान अनवाणी पावलं आतल्या खोलीत गेली होती, भिंगरीच्या पलंगापर्यंत. परत आलेली पावलं नव्हती.

"हिने आत्ता उठून पाणीबिणी प्यायलं का?" त्याने दारातून विचारलं.

"झोपली आहे ती. दोन तास झाले," बायको म्हणाली. मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "झोपेत एकच बोलतेय. तुम्हालाच सांगतेय. ओढायला हवी होती, म्हणते."

४

संध्याकाळी चांगला उजेड असतानाच तो धक्क्यावर गेला. सोबत कप्तान होता. गाडी आणि बोट वाहून न्यायचा ट्रेलर तलावाच्या पलीकडच्या काठाला होते, त्यामुळे उद्या सकाळी बोट तिकडे नेणं भाग होतं. तेवढी अर्ध्या तासाची फेरी नीट व्हायला हवी होती.

त्याने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि डोकं आत घातलं. आत तारांचा गुंता होता, तीन मालकांनी तीन प्रकारच्या चिकटपट्ट्या लावलेला. हे त्याचं राज्य होतं. इथे त्याला बरं वाटायला लागलं.

हाताखालच्या लोकांना तो बावीस वर्षं एक गोष्ट सांगत आला होता. लिफ्ट थांबवणारी सेफ्टी वारंवार पडत असेल तर सेफ्टीला शिव्या घालू नका, ती का पडतेय ते शोधा. कामापुरती सेफ्टी बाजूला ठेवावीच लागली, दार उघडं असतानाही लिफ्ट चालावी म्हणून दरवाज्याच्या कॉन्टॅक्टला वायरचा तुकडा लावावा लागला, तर आपल्या मनगटाला लाल चिंधी बांधा. तुकडा काढला की चिंधी सोडा. चिंधी बांधलेल्या हाताने घरी जायचं नाही. बावीस वर्षांत तो एकदाही गेला नव्हता.

पण आज त्याला शोधायचं नव्हतं. बटण खराब निघायला हवं होतं. बटण खराब असेल तर पोरीने काही केलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणीही काही केलं नव्हतं.

सवयीने त्याने आधी तुकडा लावला, तसं तपासायला चालू ठेवलेलं इंजिन तिथेच मेलं. मग त्याच्या ध्यानात आलं. लिफ्टमध्ये सेफ्टीच्या तारांची साखळी जुळलेली असेल तर लिफ्ट चालते. इथला कारभार उलटा होता. तार जुळली की इंजिन बंद. म्हणजे ही तार कापली की इंजिन कुणाच्या बापाला थांबायचं नाही.

त्याने काळी तार पक्कडीत धरली.

डोक्यावरच्या फळीवर पावलं वाजली. अनवाणी, ओली, थप थप थप. त्याच्यापाशी येऊन थांबली.

"भिंगरे, घरात जा," तो आतूनच म्हणाला. आवाज शक्य तितका मऊ केला. "बाबा येतोच."

मानेवर पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक. आणि पक्कड धरलेल्या त्याच्या मनगटाला कुणीतरी धरलं. हात लहान होता आणि इतका गार की कोपरापर्यंत कळ गेली. पकडीत जोर होता, पण ती पुरी नव्हती. अंगठा लागत होता, दोन बोटं लागत होती, आणि त्यांच्या शेजारी काहीतरी मऊ, खडबडीत टोचत होतं.

तो ओरडला. ओरडत त्याने दुसऱ्या हाताचं कोपर मागे हाणलं, दातओठ खाऊन हाणलं. ते कशावर तरी बसलं. कसल्यातरी नरम, लहान गोष्टीवर. त्याच झटक्यात पक्कड मिटली आणि तार तुटली.

डोकं आपटत तो बाहेर आला तेव्हा मागे कुणी नव्हतं. कप्तान धक्क्यावर उकिडवा बसून दोरखंडाची गाठ सोडवत होता.

"काय झालं?"

"शॉक बसला," लिफ्टवाला म्हणाला. "भिंगरी आली होती का इथे?"

"छे. खिडकीत बसलीय बघ."

ती खिडकीत बसली होती. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. तिने हात हलवला नाही.

कप्तानने इंजिन चालू केलं. क्लिप ओढली तरी ते चालू राहिलं, त्यावर तो खूश झाला. मग त्याने चावी फिरवली तरी ते चालूच राहिलं, आणि त्याची खुशी थोडी कमी झाली. कुठल्यातरी जुन्या मालकाने चावीची आणि बटणाची तार आत एकच करून ठेवली होती.

"मग आता हे बंद कसं करायचं?"

"पेट्रोलची नळी काढायची." लिफ्टवाल्याने मागे जाऊन नळी उपटली आणि घड्याळ लावलं. आत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन एक मिनिट दहा सेकंद चाललं, मग गचके देत थांबलं. "उद्या हळू न्यायची. ट्रेलरवर चढली की मी तार जोडून देतो."

त्याने खिशातली लाल चिंधी काढून मनगटाला बांधली. तिथे चामडीवर तीन निळसर ठसे उठले होते. चिंधीखाली ते झाकले गेले.

५

बाप लोकांना माफी मागता येत नाही. ते काहीतरी देऊ करतात.

"बोट चालवणार?" रविवारी सकाळी त्याने भिंगरीला विचारलं. "माझ्यापुढे उभी राहून. स्टिअरिंग तुझ्या हातात."

बायको सासऱ्यांना घेऊन जीपने रस्त्याने जाणार होती. भिंगरी तिच्यासोबत जायची होती. भिंगरीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. सुजलेला गाल एका बाजूने वर उचलून ती हसली.

"मला बाबांबरोबर जायचंय."

बायको पुढे झाली. तिने लेकीच्या जॅकेटाचे पट्टे स्वतः आवळले, दोनदा. "ओलं कसं हे अजून?" एवढंच म्हणाली.

तलाव स्वच्छ होता, वारा नव्हता. भिंगरी त्याच्या दोन हातांच्या मधे उभी होती, तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते. तो बोट हळू चालवत होता. कप्तान मागे नळीपाशी बसला होता, टोपीसकट. लाल दोरी बटणाला तशीच लटकत ठेवली होती. आता ती नुसती शोभेची होती.

"बाबा, मी खरंच नव्हती ओढली."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. शेवटी म्हणाला. छातीवरचा धोंडा सरकल्यासारखं वाटलं त्याला. "बटण खराब होतं. दुरुस्त केलंय मी."

टक्.

क्लिप निघून पायाशी पडली. इंजिन चालत राहिलं.

"बघ!" कप्तान मागून म्हणाला. "लागू पडला तुझा इलाज!"

लिफ्टवाल्याने क्लिप उचलून बसवली. थरथरीने निघते, एवढंच. त्याने हात मागे घेतला नाही तोच टक्. त्याने पुन्हा बसवली. टक्. या वेळी क्लिप निघताना दोरी ताणली गेली, तिच्या गुंडाळ्या सरळ झाल्या, हवेत, कुणाच्याही हातात नसताना. मग सुटून लोंबकळली. बटणाशेजारी पत्र्यावर पंजा उमटला, त्याच्यावर दुसरा, तिसरा, घाईघाईने, एकमेकांत मिसळलेले.

"बाबा, हे कोण करतंय?"

"नळी काढ!" तो मागे वळून ओरडला. "नळी काढ, आत्ताच्या आत्ता!"

मागे वळला, तेवढ्यात पाण्याखालचा ओंडका त्याला दिसायचा राहिला.

६

इंजिन ओंडक्यावर आपटून उसळलं. आटे गेलेला बोल्ट तुटला, स्टिअरिंग भिंगरीच्या हातून हिसकलं गेलं, धक्क्याने वेगाचा दांडा पुढे ढकलला गेला आणि बोट सगळ्या जोरानिशी डावीकडे वळली. तिघेही उजवीकडून फेकले गेले. कप्तानचं डोकं जाताना कडेला लागलं. कवटी फुटल्याचा आवाज लिफ्टवाल्याने हवेत असतानाच ऐकला.

तो वर आला तेव्हा भिंगरी चार हातांवर होती. खोकत होती, जिवंत होती. त्याने तिला ओढून छातीशी धरलं. कप्तान दूर, आभाळाकडे तोंड करून तरंगत होता. हलत नव्हता. टोपी त्याच्याजवळच पाण्यावर होती.

"परत येतेय," भिंगरी म्हणाली.

बोट वळत होती. तिच्यात कुणी नव्हतं, आणि ती गोल फिरून नाक त्यांच्याकडे करत होती. नळी जागेवर होती. टाकी भरलेली होती, काल संध्याकाळी त्यानेच भरली होती.

पोरीला घेऊन खाली बुडी मारायची, एवढं त्याच्या डोक्यात आलं. त्याने तिला खांद्याला धरून दाबलं, स्वतःलाही दाबलं. जॅकेटं बुडू देईनात. त्याच कामासाठी ती केलेली होती. त्याने पाय मारले, बाजूला सरकायचा प्रयत्न केला. बोट अंगावर आली तेव्हा पोरीने तेच केलं जे कुठलंही मूल करेल. तिने बोटीला ढकलण्यासाठी हात पुढे केला.

तिची किंकाळी इंजिनाच्या वर गेली. फेस आला, तो गुलाबी होता. बोट निघून गेली आणि पंख्याने ढवळलेलं पाणी त्यांना गरगर फिरवत राहिलं. त्याच्याही मांडीतून काहीतरी कापत गेलं होतं, पण ते त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

"दाखव. दाखव मला. काही नाही झालं, दाखव."

त्याने दातांनी मनगटावरची चिंधी सोडली आणि तिच्या पंजाभोवती गुंडाळायला घेतली. अंगठा होता. दोन बोटं होती. पुढे काहीच नव्हतं, नुसता मऊ, खडबडीत भाग होता, आणि त्यातून रक्त येत होतं.

हा पंजा त्याच्या ओळखीचा होता. काल दुपारी त्याने हाच पुसून टाकला होता.

"बाबा," ती त्याच्या गळ्याशी म्हणाली. तिचा आवाज झोपेला आल्यासारखा झाला होता. "बोटीत कोण आहे?"

त्याने वर पाहिलं. बोट वळण पुरं करून पुन्हा सरळ त्यांच्या रोखाने येत होती. या वेळी वळण लहान होतं. स्टिअरिंगमागे कुणीतरी उभं होतं. नारिंगी जॅकेट गळ्यापर्यंत आलेलं. ओले केस कपाळाला चिकटलेले, एक गाल सुजलेला, आणि पोटाशी एक हात धरलेला, जणू तिथे कुणीतरी कोपर मारलं होतं. दुसऱ्या हाताने ते मूल लाल दोरी ओढत होतं. क्लिप निघायची, ते घाईने बसवायचं आणि अंगातला सगळा जोर लावून पुन्हा ओढायचं. तोंड रडण्यासाठी उघडलेलं होतं. बापाकडे बघत होतं.

कारण त्याला कळलं. आता कळलं.

"ओढ!" तो ओरडला. छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्याने त्या शब्दात घातला. "ओढ भिंगरे! ओढ!"

"मी नाही ओढली बाबा," कुशीतली पोर पुटपुटली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर जड झालं होतं. "खरंच नाही."

टक्, असा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. इंजिन चालूच होतं. पुन्हा टक्. पुन्हा. त्याने काल कापलेली तार तिने कुठून जोडायची होती? बोटीचं नाक वर उचललं गेलं, तिचा पांढरा तळ दिसायला लागला, आणि त्याने पोरीला पाठीमागे घेऊन बोटीकडे तोंड केलं.

टक्.